पाहुण्यांची मूठ

दादाच्या घरी रविवारी सकाळी जे भांडण चालायचं, त्याला निमित्त लागत नसे. दादा, मास्तर आणि बेकरीवाला असे तीन पन्नाशी गाठलेले बाप्ये जुन्या टीव्हीसमोर मांडी घालून बसत आणि आपल्या तरुणपणीच्या एका गेम कन्सोलवरून एकमेकांची उणीदुणी काढत. मास्तरांचं म्हणणं, यातले निम्मे गेम मुद्दाम धुक्यात बुडवलेत, कारण लांबचं चित्र दाखवायची त्या यंत्राची ऐपतच नव्हती. बेकरीवाला म्हणे, "धुकं आहे म्हणून तर भीती वाटते. सगळं लख्ख दिसलं की मजा गेली." पण खरी लढाई व्हायची ती कंट्रोलरवरून. त्या कन्सोलच्या कंट्रोलरला तीन मुठी होत्या, आणि माणसाला हात दोनच.

"ज्यानं हा बनवला ना, त्याच्या घरी तीन हातांची माणसं असणार," मास्तर म्हणत. मधल्या मुठीवर दिशा वळवायची स्टिक, उजव्या मुठीवर बटणं. या दोन धरल्या की डावी मूठ नुसतीच हवेत. दादा तिला पाहुण्यांची मूठ म्हणायचा. "असू दे की. खात नाही, पीत नाही. कोणी आलं-गेलं तर धरेल."

दादाची धाकटी बहीण चाळिशी उलटली तरी त्या घरात छोटीच होती. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. या तिघांच्या तंट्यात तिचं मत कोणी विचारत नसे, पण बटण अडलं की सगळ्यांना छोटीच आठवायची. एक स्टिक मात्र दादाने तिला कधी उघडू दिली नव्हती. ती त्याच्या स्वतःच्या कंट्रोलरची होती आणि पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखी डुगडुगायची. मास्तर तर तिला हात लावत नसत. "मला सवय आहे तिची," एवढंच दादा म्हणायचा.

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू वाचली, डावी गेली. पुष्कळ व्यायाम झाल्यावर पाय घरातल्या घरात चालू लागला आणि डाव्या हाताचा अंगठा जरा जरा हलायला लागला. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, आता या अंगठ्याला रोज काहीतरी आवडीचं काम द्या. कोणतं, ते वहिनीला सांगावं लागलं नाही. "इतकी वर्षं त्या डबड्याला शिव्या घातल्या," ती कन्सोलवरची धूळ पुसत म्हणाली, "आता त्याच्याच पाया पडते."

दादा परत खेळणार म्हटल्यावर कंट्रोलर कसा हवा? छोटीच्या मते अगदी नव्यासारखा. मास्तरांनी आणि बेकरीवाल्यानेही माना डोलावल्या. जुन्या यंत्रांच्या वेड्यांचा हा धर्मच असतो, की स्टिक सोडली की टुणकन मध्यावर यायला हवी. म्हणून दादाच्या नकळत, जेवणाच्या सुट्टीत, छोटीने आतली झिजलेली चाकं दातांच्या रेझिनमधून नव्याने घडवली आणि स्प्रिंगही बदलली. बेकरीवाल्याने स्टिक सगळीकडे फिरवून पाहिली. "छोटे, ही तर आत्ता खोक्यातून काढल्यासारखी झाली!" छोटीला आकाश ठेंगणं झालं.

रविवारी दादाने बर्फावरच्या गाड्यांचा गेम लावला. तो म्हणजे त्याच्या हातचा मळ. गाडी सुटली आणि पहिल्याच वळणावर भिंतीत गेली. पुन्हा सुटली, पुन्हा भिंतीत. अंगठा कसाबसा स्टिकवर चढायचा, स्टिक त्याला उडवून मध्यावर यायची.

दादाने कंट्रोलर खाली ठेवला. "बेकरीवाल्या, पुढच्या रविवारी हे सगळं तुझ्याकडे घेऊन जा. माझं झालं."

"अरे, इतक्यात कुठे..."

"ने म्हटलं ना. इथे धूळ खाण्यापेक्षा बरं."

वहिनी आत गेली आणि तिने नळ मोठा सोडला.

दादा चिडून बोलला असता तर छोटीला चाललं असतं. तो समजूतदारपणे बोलला, म्हणून ती घाबरली. कन्सोल गेला की हे दोघं यायचे बंद होणार. मग हा माणूस खिडकीशी बसून राहणार आणि अंगठाही हळूहळू गप्प होणार. हे तिला अगदी डोळ्यांसमोर दिसलं.

त्याच आठवड्यात लॅबमध्ये दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. "त्या आजोबांची कवळी परत पाठवतोय. काम सुरेख झालंय तुमचं, पण त्यांच्या हिरड्यांना झेपत नाही म्हणतात. जुनीच जरा ठीक करून हवी आहे."

फोन ठेवून छोटी तशीच बसली. तिला हे काम ज्या बाईंनी शिकवलं त्या सांगायच्या, कवळी चांगली झाली का ते आपण ठरवू नये, तोंडाला विचारावं. आणि स्टिकबद्दल तिने कुणाला विचारलं होतं? बेकरीवाल्याला. आयुष्यभर पीठ मळलेल्या अंगठ्याला! स्वतःच्या डोक्यावर टपली मारावी असं तिला वाटलं.

पण नवी कवळी तोंडात रुळेपर्यंत जुनी टाकायची नाही, ही लॅबची शिस्त तिच्या अंगात मुरली होती. झिजलेली चाकं आणि थकलेली स्प्रिंग तिच्या खणात, दातांच्या डबीत सुखरूप होती.

रविवारी बेकरीवाला पावांचं मोठं खोकं रिकामं करून घेऊन आला, तोंड पाडून. छोटीने कंट्रोलर दादाच्या मांडीवर ठेवला.

"नेण्याआधी एकदा खेळ."

"छोटे, उगाच हट्ट करू नकोस."

"तुझी जुनी स्टिक परत बसवलीय. माझं चुकलं, दादा. मी यांच्या अंगठ्याच्या मापाने केली होती. तुझ्या नाही."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग अंगठा स्टिकवर टेकवला आणि अगदी थोडासा, त्याला जमेल तेवढाच, रेटला. स्टिक डुगडुगली, कलली आणि तशीच राहिली.

"आलीस का गं," दादा स्टिकला म्हणाला.

गाडी सुटली. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या वळणापाशी डाव्या हाताचा जोर संपला. मनगट खाली जाऊ लागलं, त्याच्याबरोबर कंट्रोलर कलला, गाडी भिंतीकडे निघाली. छोटी त्याच्या डाव्या बाजूलाच बसली होती. तिने काही विचार न करता हात पुढे केला, हाताला जी मूठ लागली ती धरली आणि उचलून धरली.

आता दादाच्या हातावर भार उरला नाही. उजवा हात उजव्या मुठीवर, दुबळा हात मधल्या, आणि छोटीचा हात डाव्या मुठीवर. अंगठ्याला फक्त वळवायचं काम राहिलं. गाडी भिंतीला घासून गेली, पण गेली.

"मास्तर," दादा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "ही मूठ कशाला आहे, विचारत होतास ना?"

मास्तरांनी चष्मा काढला होता आणि ते तो सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत होते. "पुढे बघ," ते म्हणाले. "वळण आहे."

गाडी शेवटून पहिली आली. वहिनी दारात उभी होती. तिने ते रिकामं खोकं उचललं आणि दुमडून कपाटामागे सारलं.

"पुन्हा लाव," दादा म्हणाला.

छोटीचा हात भरून आला होता. तिने मूठ सोडली नाही.