स्क्रीनवर मावलं तेवढं

किशोरला एक खोड होती. कुठलीही गोष्ट नुसती सांगायची नाही, दाखवायची. नाशिकला सातपूरच्या एका स्पेअरपार्टच्या दुकानात तो कॉम्प्युटर सांभाळायचा, आणि 'प्रिंट स्क्रीन'चं बटण सापडल्यापासून तर स्वारीच्या अंगात वारंच शिरलं होतं. क्रिकेटचा स्कोअर, रेल्वेचं रिझर्वेशन, दिसेल ते पेंटमध्ये चिकटवायचं आणि मेसेंजरवर कुणाला तरी पाठवायचं. पुरावा दाखवला की माणूस वाद घालत नाही, असं त्याचं म्हणणं.

तर २००७ साली नर्सिंगच्या प्रवेशाची यादी लागायची होती. देवळ्याच्या झुंबरमावशीची मोहिनी त्या यादीकडे डोळे लावून बसली होती. तिची ही दुसरी खेप, आणि वयाच्या अटीमुळे तिसरी नव्हती. नंबर नाही लागला तर आईशेजारी खळ्यावर कांदा निवडत बसायचं, हे घरात ठरलेलंच होतं. देवळ्याच्या सायबर कॅफेत वीज आठ-आठ तास गुल. आली तरी मेसेंजर कसाबसा चालायचा, यादीचं पान काही उघडायचं नाही. म्हणून तिनं अर्जाचा नंबर मावसभावाला, किशोरला कळवला.

मंगळवारी पान उघडलं. ठळक अक्षरात मोहिनीचं नाव, खाली नाशिकच्या कॉलेजचं नाव. किशोरनं बटण दाबलं, फाइल पाठवली आणि लिहिलं, 'घे, पुराव्यासकट.' पलीकडून आलं, 'दादा, मी रडतेय.'

मोहिनीनं प्रिंट काढून घरी आणली. मावशीनं ती देवापुढे ठेवली, गल्लीत पेढे वाटले. गुरुवारी अमावास्या होती. "अमावास्येला चांगल्या कामाला घर सोडायचं नाय. शुक्रवारी जाऊ," मावशी म्हणाली. कुणालाच घाई नव्हती. कागदावर घाईचं काही लिहिलंच नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी सहाला किशोरला दुकानातल्या तबस्सुमला बहिणीचं कौतुक दाखवायची हुक्की आली. त्यानं तेच पान उघडलं. तबस्सुमनं सहज माउसचं चाक फिरवलं, आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ वर आली: मूळ कागदपत्रे व फी घेऊन गुरुवारी सायंकाळी पाचपर्यंत हजर राहावे, अन्यथा जागा प्रतीक्षा यादीतील उमेदवारास देण्यात येईल.

अरे गाढवा, मंगळवारीच खाली सरकवून बघायला तुझं काय जात होतं? पण ते बटण दाबलं की स्क्रीनवर मावतं तेवढंच येतं, आणि याच्या स्क्रीनवर नाव मावलं होतं. तेवढ्यावर गडी खूश. मेसेंजर उघडून किशोरनं 'मोहिनी' एवढं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मावशीच्या शेजाऱ्यांकडे फोन होता आणि नंबर त्याला पाठ होता. त्यानं तो लावला नाही.

शुक्रवारी सकाळी मायलेकी नाशिकच्या सीबीएस बस स्टँडवर उतरल्या. मोहिनीनं नवा ड्रेस घातला होता. किशोर स्टँडवर सांगणार होता, मग रिक्षात सांगणार होता, मग कॉलेजच्या फाटकाशी. नाही सांगितलं. कदाचित ऐकतीलही, कदाचित तारीख वाढवली असेल, असलं काहीबाही तो स्वतःला समजावत राहिला.

खिडकीतल्या बाई स्वभावानं वाईट नव्हत्या. त्यांनी प्रिंट बघितली, मग आपला मॉनिटर वळवून पान खालपर्यंत नेलं. "काल पाचला संपलं गं. आज सकाळीच वेटिंगवाल्या मुलीनं फी भरली. आता माझ्या हातात काही नाही."

मोहिनीनं ती ओळ वाचली. मग किशोरकडे बघितलं. त्याचं तोंड बघूनच तिला कळलं, की याला हे आधीच माहीत होतं.

मावशीला वाचता येत नव्हतं. "काय म्हणत्यात?" तिनं विचारलं.

भरल्या नाशकात आईला हक्काचं एकच माणूस होतं. ते तोडायला मोहिनीचं मन धजलं नाही. "तारीख होती आई," ती म्हणाली. "मीच नीट वाचलं नाही."

"पोरानं येवढा कागद धाडला, अन् तुला वाचता आला नाय? माती केली गं जन्माची." मावशीच्या डोळ्यांना धार लागली. मग ती किशोरकडे वळली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "तू लय केलं बाबा. हिच्याच नशिबात नव्हतं."

किशोरनं मान खाली घातली आणि तो हात पाठीवरून फिरवून घेतला.