तुतीची फुलदाणी

कातारीबुवांच्या फुलदाणीचं अंग पापडाइतकं पातळ. बघणारे तोंडात बोटं घालत आणि म्हणत, काय नजर आहे! नजरेचा काय संबंध? अरुंद तोंडातून आत गेलेली पटाशी दिसतेय कोणाला? लेथवर फिरणारं लाकूड कोरताना पातळ होत जातं तसा आवाज बारीक होत जातो. नेमक्या सुराला हात काढायचा, एवढंच. पण हे 'एवढंच' साधायला अर्धं आयुष्य जातं. त्यांच्या बायकोला याचं फार कौतुक होतं. तोंडाने मात्र ती "थांबवा ती घरघर" याखेरीज काही बोलली नव्हती.

आता बुवांचे कान गेले होते. कबूल करतील तर शपथ! "हल्ली लोकच पुटपुटतात," म्हणायचे. मागच्या दारची तुती वाऱ्याने पडली, तेव्हा तिच्या खोडाच्या दोन फुलदाण्यांना त्यांनी भोकं पाडली. धड असा एकच तुकडा उरला.

"हाही गेला तर लेथ विकून टाकतो," त्यांनी जाहीर केलं.

लेथ गेला की हा माणूस अंथरूण धरणार, हे बायकोला पक्कं ठाऊक होतं.

तुकडा लेथवर चढला. ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. भिंतीपलीकडून आधी भरड आवाज आला, मग साफ, मग बारीक. तिची सुरी थांबली. रोज ज्या सुराला काम थांबायचं, तो सूर आला. काम काही थांबलं नाही.

ती धावतच गेली आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "अहो, पुरे!"

बुवांनी पटाशी बाहेर काढली. "अगं, जाड आहे अजून! तुला काय कळतं त्यातलं?"

"लग्न झाल्यापासून ऐकतेय भिंतीपलीकडून!" ती ओरडली. "आता हात लावलात तर भोक पडेल!"

त्यांचा हात शिवशिवत होता. तरी चरफडत त्यांनी लेथ बंद केला. फुलदाणी सोडवून खिडकीशी धरली आणि आत दोन बोटं घातली. लाकडातून बोटांची सावली दिसली. इतकी पातळ त्यांना ऐन उमेदीतही साधली नव्हती.

ते हळूच म्हणाले, "मला ऐकू येत नाही गं आता."

"मला येतं ना!" त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, आणि स्टूल ओढून लेथजवळ बसली.