तीन दिवसांचं उत्पन्न

इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसभर वाफ असायची, आणि त्या वाफेत सलाफाईला आई दिसायची. गुडघाभर पाण्यात बसून शिंपले वेचणारी, सामोआतली, तरणीताठी आई. तिला जाऊन सात महिने झाले होते, पण वाफेला त्याचं काय! ओल्या चादरी यंत्रात सारता सारता सलाफाई तिच्याशी बोलायची. घरी येताना बसमध्येही तो समुद्र बरोबर यायचा, आणि मांगेरे उपनगरातले रस्ते, दुकानं, पाट्या, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं मऊ व्हायचं.

या तंद्रीतून तिला बाहेर ओढलं ते करखात्याच्या पत्रानं. तीन मुलांसाठी दर आठवड्याला जमा होणारी करसवलत बंद. कारण काय, तर कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या फार वर गेलं होतं.

"वर गेलं?" नवरा पेनी विमानतळावर सामान चढवायचा. त्याला हसू आवरेना. "मग जाताना मला कसं नाही दिसलं?"

पण घरभाडं त्या सवलतीतूनच भागत होतं, म्हणून हसणं लवकर आटोपलं. शनिवारी दोघं चर्चच्या सभागृहात हुइयाकडे गेले. ही माओरी पोरगी लोकांचे कराचे कागद फुकट बघून द्यायची.

"आंटी, सवलतीच्या अर्जात 'इतर मिळालेले पैसे' इथं तुम्ही एकतीस हजार डॉलर लिहिलेत. लॉटरी लागली काय?"

"आईची मयत होती," सलाफाई म्हणाली.

सामोअन घरात माणूस गेलं की सगळ्या नात्यागोत्याचे पैसे थोरल्या लेकीच्या खात्यात येतात, आणि शवपेटी, जेवणावळी, पाद्री, पाहुण्यांच्या परतभेटी यांत निघून जातात. तीन दिवसांत खातं रिकामं झालं होतं. पण अर्जानं विचारलं, किती मिळाले. आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी बाई खोटं कसं लिहिणार? खरं तर एवढंच नव्हतं. मयतीच्या दिवशी कुळाच्या वक्त्यानं काठी टेकून साऱ्या गोतासमोर पुकारा केला होता, "सलाफाईकडून एकतीस हजार!" तो आकडा तिच्या कानात गोड होऊन राहिला होता. अर्जावर लिहितानाही ती जरा ताठ बसली होती.

"घर चालवायला मिळालेले पैसे मोजतात, हे नाही," हुइया म्हणाली. "मर्यादा ओलांडली की वरच्या प्रत्येक डॉलरमागे सवलत थोडी थोडी कापतात. तुम्ही एवढ्या वर गेलात की कापायला काही उरलंच नाही. कुणी किती दिले त्याची यादी करू, सही करा, परत सुरू होईल."

सलाफाई अर्जाच्या घड्या नीट करत बसली.

"सांग की," पेनी म्हणाला. "तुला तर तोंडपाठ असेल."

तिनं नऊ नावं सांगितली. भाऊ, बहिणी, ऑस्ट्रेलियातले चुलते. हुइयानं बेरीज केली.

"बरोबर एकतीस हजार. जुळलं."

पेनीनं कागद ओढून वरपासून खालपर्यंत वाचला. "आणि आपले? तू बचतीतले चार हजार घातलेस ना?"

"बचत कुठली? ती कधीच घरखर्चात गेली होती." सलाफाईचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता. "आईसाठी माझ्याकडे एक डॉलर नव्हता, पेनी. दुसऱ्यांच्या पैशांवर माझं नाव पुकारलं, आणि मी मान वर करून ऐकत बसले. लाज वाटते मला."

खिडकीबाहेरचं ऊन पाण्यासारखं हलत होतं. पेनीनं कागदावरची नऊ नावं बोटानं पुन्हा मोजली.

"झालं तर मग," हुइया हळूच म्हणाली. "इथं सही करा, आंटी."

"माझं नाव राहिलं," सलाफाई म्हणाली.

"शून्याचं नाव लिहावं लागत नाही."

"लिही, पोरी," पेनी म्हणाला. त्यानं कागद हुइयापुढे सरकवला. "सगळ्यांच्या वर लिही. थोरली आहे ती."