सीझनचा चौथा दिवस

शैलेंद्र कॉफी आणायला आत गेला आणि गॅस स्टेशनचं काचेचं दार त्याच्यामागे मिटलं, तेव्हा नीलानं गाडीचं मागचं दार वर उचललं. त्याच्या रायफलची कॅनव्हासची लांब केस वरच होती. तिनं झिप उघडली, गोळीचं चेंबर उघडणारा खटका मागे ओढला, जाकिटाच्या खिशातलं काडतूस आत ठेवलं आणि खटका पुन्हा बंद केला. मग चाप अडवून धरणारी सेफ्टी तिनं सरकवून काढली. झिप लावून केस तिनं होती तशी ठेवली, नळीचं टोक दाराकडे.

दोन पंपांपलीकडे एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती. नीलाच्या अंगातलं शिकाऱ्यांचं भगवं जाकीट बघून तिनं हात हलवला.

"गुड लक!" ती ओरडली.

नीलानंही हात हलवला. हरणांच्या शिकारीच्या सीझनचा तो चौथा दिवस होता. विस्कॉन्सिनमधल्या त्या रस्त्यावर, असं जाकीट घातलेली आणि बंदुकीपाशी वाकलेली साठीची बाई बघून कुणालाही नवल वाटलं नसतं.

इलिनॉयमधल्या नेपरव्हिलहून ते पहाटे निघाले होते. गाडी नीलाची होती. शैलेंद्र आणि त्याची बायको सरला ही तीस वर्षांपासून तिच्या घरच्यासारखी माणसं. तो हाडांचा डॉक्टर, नीला पॅथॉलॉजिस्ट, दोघंही नागपूरच्या एकाच कॉलेजातले. मुलं एकमेकांच्या घरी वाढलेली. शिकारीचा नाद शैलेंद्रला या देशात येऊन लागला आणि त्यानं तो नीलाच्या मुलाला, मिहीरला लावला. मिहीर एका हायस्कूलमध्ये बँड शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी, अशाच नोव्हेंबरात, आज ते निघाले होते त्याच जंगलाच्या तोंडाशी, मिहीर शैलेंद्रच्या गाडीतून शैलेंद्रचीच रायफल बाहेर ओढत असताना ती सुटली आणि तो गेला. मिहीर सव्वीस वर्षांचा होता.

शैलेंद्रनं शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, माणसांना सांगितलं, की पोरानं उतावीळपणे गाडीतच गोळी भरली. मी नको म्हणालो होतो. तेच कागदावर आलं.

पुढे महिन्याभरानं मिहीरचं सामान परत आलं. जाकिटात त्याची काडतुसांची पेटी होती, वीसची. नीलानं ती जेवणाच्या टेबलावर रिकामी केली आणि मोजली. वीस होती. तिनं शेरीफच्या ऑफिसात फोन केला. तिकडचा माणूस फार सौजन्यानं बोलला. म्हणाला, त्यानं दुसऱ्याच्या पेटीतलं घेतलं असेल, मॅम. केस बंद झाली आहे. हेमचंद्र, तिचा नवरा, म्हणाला, "नीला, मोजून तो परत येणार आहे का?" आणि वरच्या खोलीत निघून गेला.

येणार नव्हता, हे तिलाही कळत होतं. पण त्यानंतरच्या दिवाळीला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत तिच्यापुढे कुणीतरी म्हणालं, "गाण्याबजावण्यातला पोरगा तो. त्याला बंदुकीचं भान कुठलं असायला?" शैलेंद्र शेजारीच उभा होता. त्यानं खाली बघत मान डोलावली. नुसती डोलावली. नीलानं ती मान डोलताना बघितली आणि हातातली प्लेट तशीच टेबलावर ठेवून ती घरी आली.

पुढच्याच वर्षी तिनं शिकारीचा सेफ्टी कोर्स केला. मग शैलेंद्रकडे जाऊन म्हणाली, मला नेम धरायला शिकवा, भाऊजी. लोकांना वाटलं, बिचारी, मुलाच्या आठवणीपायी करतेय. आठ महिने दर शनिवारी तो तिला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला आणि त्या आठ महिन्यांत तिनं त्याला नीट पाहून घेतलं. गाडीतून रायफल काढताना तो नळी धरून आपल्या पोटाकडे ओढायचा. कुणी टोकलं, तर हसून म्हणायचा, "अरे, रिकामी आहे." मिहीर हे कुणाकडून शिकला होता, ते तिला तेव्हा कळलं.

शैलेंद्र दोन कप घेऊन बाहेर आला.

"तुझी बिनसाखरेची. ओट मिल्क नव्हतं त्यांच्याकडे, साधंच घातलंय. चालेल ना?"

"चालेल."

"आण, आता मी ड्राइव्ह करतो. तू दमलीस."

गाडी पुन्हा उत्तरेला लागली. स्क्रीनवर पोचायला एक तास बारा मिनिटं दाखवत होतं. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली रानं, त्यांच्यावर विरळ बर्फ. समोरून येणाऱ्या एका ट्रकमध्ये हरणाची शिंगं दिसली आणि गेली.

"धपाटी काढ ना," शैलेंद्र म्हणाला. "मागच्या सीटवर डबा आहे. तुझी वेगळी बांधलीत सरलानं. लसूण न घालता."

"मला भूक नाही."

"एक तरी खा. ती विचारेल मला."

नीलानं डबा मांडीवर घेतला. वरची चार धपाटी वेगळ्या कागदात गुंडाळलेली होती. मिहीर गेल्यावर तेरा दिवस सरला तिच्या स्वयंपाकघरात उभी होती. कोण येतंय, कोण जातंय, कुणी खाल्लं नाही, सगळं तिनं बघितलं होतं. आजच्या या बेतात नीलानं सरलाचा विचार केला नव्हता असं नाही. केला होता. लॅबमध्ये एक स्लाइड बघून झाली, की बाजूला ठेवतात, तसा तो बाजूला ठेवला होता. तिनं एका धपाट्याचा तुकडा मोडला. तो खाऊन उरलेलं तिनं पुन्हा कागदात गुंडाळलं.

मग शैलेंद्रनं घसा साफ केला.

"तू शिकारीला नेता का म्हणालीस, तेव्हा सरला नको म्हणत होती. मीही त्यानंतर जंगलात गेलो नाही. रेंजवर जातो तेवढंच."

"मग हो का म्हणालात?"

"तू विचारलंस म्हणून." तो रस्त्याकडेच बघत होता. "नीला, तिथं पोचल्यावर मला थोडं बोलायचंय तुझ्याशी."

"आत्ता बोला की."

"नको. तिथं गेल्यावर."

नीला खिडकीबाहेर बघू लागली. तिथं गेल्यावर तुम्हाला वेळ मिळायचा नाही, असं तिच्या मनात आलं, आणि ते किती शांतपणे आलं, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

जागा तिनं फोटोत पाहिली होती तशीच होती. डांबरी रस्ता सोडून खडीवर वळलं, की पाइनच्या झाडांनी तीन बाजूंनी घेरलेली गाड्या लावायची मोकळी जागा, आणि एका खांबावर जंगलाचा नकाशा. दुसरी गाडी नव्हती. शैलेंद्रनं इंजिन बंद केलं आणि क्षणभर स्टीअरिंगवर हात ठेवून तो तसाच बसला.

"मी जरा पाय मोकळे करते," नीला म्हणाली.

ती झाडांकडे चालू लागली. पाठीमागे त्याचं दार उघडल्याचा आवाज झाला, मग खडीवर त्याची पावलं. ती थांबली नाही, वळलीही नाही. समोरच्या खोडावरच्या डिंकाकडे बघत ती उभी राहिली आणि तिनं श्वास धरला.

तेवढ्यात खडीवर चाकं वाजली.

हिरव्या रंगाचा ट्रक शेजारी येऊन थांबला आणि त्यातून तिशीची, लांब वेणी घातलेली एक बाई उतरली. वॉर्डन होती, शिकारीचे नियम बघणारी. तिनं हसून नमस्कारासारखी मान हलवली, दोघांची लायसन्स मागितली, ती वाचली आणि परत दिली.

"तुम्ही इलिनॉयहून आलात. लांबचा प्रवास झाला," ती म्हणाली. "रायफली गाडीतच आहेत ना, सर? रिकाम्या?"

"हो, रिकाम्या," शैलेंद्र म्हणाला.

"बघितलं तर चालेल?"

"शुअर. प्लीज."

मागचं दार अर्धवट उघडं होतंच. वॉर्डननं ते पूर्ण वर केलं, केसची झिप हातभर उघडली आणि वाकून नळीला हात घातला. नीलाला तिचा हातमोजा दिसला. अंगठ्यापाशी उसवलेला आणि जाड दोऱ्यानं घरीच शिवलेला.

"स्टॉप!" नीला ओरडली. आपल्या गळ्यातून एवढा मोठा आवाज निघेल, असं तिला वाटलं नव्हतं. "हात लावू नका! भरलेली आहे ती!"

वॉर्डनचा हात जागीच थांबला. मग तिनं तो सावकाश बाहेर घेतला, दोघांना चार पावलं लांब उभं केलं, गाडीच्या बाजूच्या दारातून हात घालून खटक्यापाशी केस उघडली आणि खटका मागे ओढला. काडतूस उडून मॅटवर पडलं.

वॉर्डननं काडतूस उचलून तळहातावर घेतलं.

"मॅम, तुम्हाला कसं माहीत?"

नीलानं तोंड उघडलं. शैलेंद्र तिच्याकडे बघत होता. आधी नुसता बघत होता, मग त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, जोड्याची नाडी सुटावी तसं.

"रायफल माझी आहे," तो वॉर्डनला म्हणाला. "भरलेली ठेवली ती मी. हिला शंका आली, कारण माझ्या हातून हे आधीही झालंय. दोन वर्षांपूर्वी. इथंच."

मग तो इंग्रजी सोडून मराठीत बोलू लागला, नीलाकडे न बघता, तिच्या बुटांकडे बघत.

"मिहीरनं गोळी भरली नव्हती, नीला. सकाळी मचाणावरून उतरलो, तेव्हा माझ्याच रायफलमधली गोळी काढायची राहिली होती. दुपारी त्याला म्हटलं, माझी पण काढ रे बाहेर, रिकामी आहे. त्याचा माझ्यावर विश्वास होता, त्यानं काढली. शेरीफनं विचारलं, तेव्हा तोंडातून भलतंच गेलं. नंतर रोज म्हटलं, उद्या सांगू. दोन वर्षं उद्याच म्हणत राहिलो."

दोन वर्षं नीलानं हे वाक्य ऐकण्याची वाट पाहिली होती. कधी तिला वाटे, ऐकल्यावर आपण किंचाळू, कधी वाटे, त्याच्या अंगावर धावून जाऊ. ती गाडीच्या मागच्या बंपरवर बसली आणि तिचे दात वाजू लागले. वॉर्डननं आपल्या ट्रकमधून ब्लँकेट आणून तिच्या खांद्यावर टाकलं. शैलेंद्रचं मराठीतलं बोलणं वॉर्डनला कळलं नव्हतं, पण बरंचसं कळल्यासारखा तिचा चेहरा होता.

तिनं शैलेंद्रला सगळं पुन्हा इंग्रजीत सांगायला लावलं. मग ती म्हणाली, हे तुम्हाला शेरीफच्या ऑफिसात जाऊन सांगावं लागेल. वीस मिनिटांवर आहे. रायफल मी ताब्यात घेते. तुम्ही माझ्या ट्रकमागे या.

शैलेंद्रनं किल्ली नीलाकडे दिली. नीला स्टीअरिंगवर बसली.

ट्रकच्या मागच्या दिव्यांवर नजर ठेवून ती चालवत होती. शेजारी तो हात मांडीत घालून बसला होता. त्याला वाटतंय, आपण पुन्हा विसरलो, तिच्या मनात आलं. वाटू दे. दोनदा विसरलो, असं जन्मभर वाटू दे. रात्री उठून वाटू दे. मिहीरचं नाव आज धुऊन निघेल, आणि वर ही एक गोष्ट त्याच्यापाशी राहील. त्या विचारात एक ऊब होती. दात वाजायचे थांबले.

फोन वाजला. गाडीच्या स्क्रीनवर सरलाचं नाव आलं. शैलेंद्रनं हात पुढे केला, पण नीलाचं बोट आधी पोचलं.

"नीला? पोचलात का गं?" सरलाचा आवाज गाडीभर झाला. "यांचा फोन लागत नाही. मला आपली काळजी."

"पोचलो."

"धपाटी खाल्लीस? आणि हे बघ, सकाळी तुला अर्धा तास बाहेर गाडीत थांबायला लागलं, त्याचा राग धरू नकोस. तो माझ्यामुळे झाला उशीर. हे रेंजवर निघाले तरी मी रायफल बघितल्याशिवाय दाराबाहेर सोडत नाही यांना. हे उघडून धरतात, मी टॉर्च मारून बघते. त्या दिवसापासून हेच चाललंय आमचं. आज तर दोनदा बघितली. हेच म्हणाले, सरला, पुन्हा एकदा बघ, आज नीला आहे बरोबर."

नीलाचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. पुढचा ट्रक थोडा लांब गेला.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"सरला," शैलेंद्र म्हणाला, "मी मग करतो फोन."

त्यानं कॉल बंद केला. गाडीत हीटरचा तेवढा आवाज उरला. नीलानं त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. काडतूस मॅटवर पडलं, तेव्हाचा त्याचा चेहरा तिला आता दिसू लागला, एकेक रेघ. आणि तिला संताप आला, अगदी नवा, ताजा. दोन वर्षं राखलेला सूड त्यानं तिच्या हातातून काढून घेतला होता, आणि तोही तिच्यावर उपकार करून.

"कधी कळलं तुम्हाला?"

"जाऊ दे, नीला."

"कधी?"

गाव आलं. ट्रकनं डावा सिग्नल दिला आणि एका बुटक्या विटांच्या इमारतीसमोर तो थांबला. नीलानं त्याच्याशेजारी गाडी लावली.

"आत मी बोलेन," शैलेंद्र म्हणाला. "सगळं माझ्याकडे आहे. तू नुसती बस. तुला काही सांगायची गरज नाही."

वॉर्डन पायऱ्यांवर दार धरून उभी होती. शैलेंद्र आपला पट्टा सोडवत होता, बटण त्याच्या बोटांना सापडत नव्हतं. "माझ्या वाटणीचं मीच सांगेन," म्हणत नीलानं इंजिन बंद केलं, खांद्यावरचं ब्लँकेट सीटवर टाकलं आणि त्याची वाट न बघता ती पायऱ्या चढू लागली.