घरामागचा शेणकिडा

"सुलोचना, बायक आणखी एक उंडो दी गो," महादेव आत बायकोला म्हणाला. शास्त्रज्ञांना वश करण्याचा दुसरा मार्ग त्याला ठाऊक नव्हता. उंड्याचा गोल पाव बशीतच राहिला, कारण समीक्षाचे दोन्ही हात म्हशीच्या शेणात होते.

समीक्षा डिचोलीकडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. केरीच्या कातळी सड्यावर, महादेवच्या घरामागे, ती शेणकिडे शोधत होती.

महादेवचा जन्म बसमध्ये तिकिटे फाडण्यात गेला. माणसे चढली, उतरली. लक्षात राहावे असे त्याने काही केले नाही आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही आली नाही. "दोन खोल्ये बांध, पर्यटक ठेवया. मगे मी बोट सोडून घराक येतंय," असे बोटीवर नोकरीला असलेला मुलगा गौरेश फोनवर बोलला. गणपतीची चवथ उलटताच ते बोलणे महादेवने चुन्याच्या रेघांनी घरामागे जमिनीवर उतरवले.

त्यात हा किडा उपटला. "ह्याचो एक भाव असा, दुसऱ्या जातीचो, दिसाक अगदी असोच. तो मोजक्याच सड्यांर मेळता," असे समीक्षा मागच्या खेपेला सहज म्हणून गेली होती. महादेवची झोप उडाली. कुठेतरी बेडकापायी रस्ता अडल्याचे त्याने पेपरात वाचले होते. बेडूक तरी दिसायला बरा.

म्हणून आज सकाळी त्याने सगळे शेण उचलून ती जागा देवळाच्या अंगणासारखी लख्ख केली. म्हशीला मात्र कोणी सांगितले नव्हते. समीक्षा आली आणि तिच्यासमोरच म्हशीने शेपटी वर केली. पाहुणीचा चहा निवायच्या आत किडे हजर.

समीक्षाने एक किडा भिंगाखाली धरला. पंखांच्या कडेची खाच पाहिली, पुढच्या पायांचे दाते पाहिले, मग पुन्हा खाच. तपासनीस बसमध्ये चढल्यावर उभा राहायचा, तसा महादेव उभा होता.

"तोच काय गो?"

"नाय काका. ह्यो साधोच. गुरां चरतत थय असताच."



"ऐकलंस? साधो असा," महादेवने घराच्या दिशेने सांगितले. मुलगा पास झाल्याचे सांगावे तसा आवाज लागला होता.

"तुमच्यासारखो," आतून उत्तर आले.

हात धुऊन समीक्षाने उंडा चहात बुडवला. "काका, हय आता गुरां किती?"

"आमची म्हस तेवढीच."

"आणि खोल्ये झाल्यार?"

"ती जातली कारापुराक, माझ्या भयणीकडे."

 डबीतल्या किड्याला तिने म्हशीच्या शेणाजवळ सोडले, उंडा संपवला आणि स्कूटर काढली.

महादेवने बोटीवर फोन लावला. "अडचण सरली. ये तू," एवढेच म्हणाला. पलीकडे गौरेश हसला, तेव्हा महादेवला डोळे पुसावे लागले. मग तो चुन्याचा डबा घेऊन फिकट झालेल्या रेघा गडद करायला लागला.

गौरेशच्या खोल्यांच्या एका रेघेवर किडा शेणाची गोळी मागच्या पायांनी ढकलत होता. गोळी पांढरी झाली होती आणि तिच्याएवढी रेघ पुसली गेली होती. महादेव चुना घालायला वाकला, पण किडा अजून पुरता पलीकडे गेला नव्हता.

"चला, फुडे सरका," तो जन्माच्या सवयीने म्हणाला, आणि डबा धरून थांबला.