माझ्यावर ठेवलेला रेडिओ

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, गाण्याची. तुमच्यातले काही जण मला हार्मोनियम म्हणत असतील, म्हणा बापडे. ज्यांनी मला वाजवलं, त्यांनी मला पेटीच म्हटलं.

माझा जन्म मुंबईचा, भायखळ्याच्या एका छोट्या कारखान्यातला. अंग सागवानाचं आणि पोटातले सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी पात्या, थेट जर्मनीहून आलेले. या सुरांचा मला गर्व होता, आजही थोडा आहे. येहेझकेल मास्तरांनी मला घेतलं. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले शिक्षक. सुट्टी लागली की रेवदंड्यापासून पेणपर्यंत गावोगाव मोशेचं कीर्तन करत. इजिप्तच्या राजानं, फारोनं, ज्यूंना गुलाम कसं केलं, मोशेनं त्यांना कसं सोडवलं, समुद्र कसा दुभंगला, सगळं मराठीत, कोकणात सगळ्यांच्या ओठांवर असलेल्या चालींत. पेटीवर त्यांची नऊ वर्षांची मुलगी येमिमा बसे. मास्तरांचा आवाज पंचमावर लागला की समोरच्या बायका पदरानं डोळे पुसत. मी पुष्कळ घरं पाहिली, पण तसं ऐकणारे लोक पुन्हा पाहिले नाहीत.

मास्तर गेले आणि मी येमिमाकडे आले. तोवर तिची येमिमाबाई झाली होती. १९६० साली ती नवरा आणि मुलीसकट इस्रायलला निघाली, तेव्हा मला गोधडीत बांधून बरोबर आणलं. लोद गावात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. नवरा गर्शोन विमानतळावर दुरुस्तीच्या कामाला लागला. विमान डोक्यावरून गेलं की माझं झाकण थरथरायचं. त्याचीही सवय झाली.

१९६२च्या वसंतात, पेसाहच्या, म्हणजे त्याच सुटकेच्या सणाआधी, येमिमाबाईनं इमारतीच्या अंगणात मोशेचं कीर्तन केलं. शेजारी देशोदेशींचे. काही ऐकत बसले, काही हसले. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला की हे ज्यूंचं गाणं नव्हे, हे हिंदूंचं भजन आहे. तिनं कीर्तन पुरं केलं, घाईसुद्धा केली नाही. घरी आल्यावर मात्र ती जेवली नाही.

त्या वर्षांत आमच्या लोकांची लग्नं सोपी नव्हती. लग्न नोंदवायला गेलं की आम्ही खरे ज्यू का हे बघायला आई कोण, आजी कोण, तिची आई कोण, अशी चौकशी होई. झिवा, येमिमाबाईची एकुलती एक मुलगी, लग्नाला आलेली. पेटीचा आवाज खाली गेला तर लोक आणखी बोलतील, झिवाचं लग्न होईपर्यंत पेटी बंद, असं गर्शोननं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता, इतकंच.

येमिमाबाईनं ऐकलं. मला कुलूप नव्हतं, म्हणून माझ्यावर रेडिओ ठेवला.

दीड वर्ष मी रेडिओचं टेबल होते, मित्रांनो. अंगावर विणलेला रुमाल, रुमालावर रेडिओ, रेडिओवर प्लास्टिकची फुलं. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेनं माझं लाकूड तडकलं. पोटातला एक सूर केव्हा मुका झाला, ते मलासुद्धा कळलं नाही. वाजवल्याशिवाय कळणार कसं?

१९६३च्या शेवटी झिवाचं उझीशी जमलं. दोघं टेलिफोनच्या ऑफिसात बरोबर काम करत. उझीच्या घरचे बगदादहून आलेले ज्यू. त्याची आई म्हणाली की आधी मी घर बघीन, माणसं बघीन, मग बोलीन. झालं, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. गुरुवारी दुपारी ती येणार होती. गर्शोननं जुनं सामान नेणाऱ्या गाडीवाल्याला त्याच सकाळी बोलावून ठेवलं. सामान म्हणजे मी. झिवालाही ते बरं वाटलं. तिला माझी लाज वाटे. येमिमाबाईला मी हवी होते आणि लेकीचं लग्नही हवं होतं.

त्याआधीच्या मंगळवारी दुपारी चारला ती तांदूळ निवडत होती आणि झिवा इस्त्री करत होती. रेडिओवर आल्मा ग्रीव्हज नावाच्या अमेरिकन गायिकेची मैफल लागली. मी रेडिओला कधी मान दिला नाही, पण त्या दिवशीची गोष्ट सांगते. आवाज खोल होता, विहिरीतून पाणी वर यावं तसा सावकाश वर आला. माझ्या लाकडातून तो आत उतरला आणि माझे खर्जाचे सूर भात्याला हात न लागता झणझणले. विमानानं माझं नुसतं झाकण हलायचं. या बाईनं माझं पोट हलवलं.

येमिमाबाईचा हात सुपात थांबला. निवेदक हिब्रूत भराभर बोलत होता. काय म्हणतो, असं तिनं लेकीला विचारलं. झिवानं इस्त्री उभी करून अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिब्रूत सांगितलं. बाई काळी आहे. तिच्याच गावातल्या हॉलमध्ये तिला गाऊ दिलं नव्हतं, दारातूनच परत पाठवलं होतं. पुढे त्याच हॉलमध्ये गाणारी ती तिच्या लोकांतली पहिली झाली. आता ती तिच्या गुलाम पूर्वजांचं एक जुनं गाणं म्हणणार आहे.

ते गाणं इंग्रजीत होतं. येमिमाबाई मुंबईला सातवीपर्यंत इंग्रजी शिकलेली. मोझेस, फेरो, इजिप्त, एवढे शब्द तिला कळले. तेवढे पुरे होते. गाणं संपलं तेव्हा टाळ्या थांबेनात. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं पुसलं नाही.

"झिवा," ती म्हणाली, "ती तिच्या लोकांच्या चालीत मोशे गाते, तर हॉलभर टाळ्या. मी माझ्या बापाच्या चालीत मोशे गायले, तर पेटी भंगारात. का गं?"

"इमा, ती मोठी सिंगर आहे," झिवा म्हणाली. आईला ती हिब्रूत इमा म्हणे.

"मोठी आता. त्या हॉलच्या दारातून परत गेली, तेव्हा कोण होती?"

झिवानं इस्त्री पुन्हा उचलली. इस्त्रीखालचा तिचा ब्लाऊज मात्र त्या दिवशी नीट झाला नाही.

गुरुवारी सकाळी गाडीवाल्यानं खालून हाक मारली. येमिमाबाईनं रेडिओ उचलून खाली जमिनीवर ठेवला, माझं झाकण उघडलं आणि भात्यावर हात ठेवला. गर्शोन दारात उभा होता. ती त्याला शांतपणे म्हणाली, "लग्न मोडलं तर मी जन्मभर रडेन. पण पेटी देणार नाही." त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. झिवा मान खाली घालून उभी राहिली, पण पेटी द्या असं काही म्हणाली नाही. गर्शोन जिना उतरून गेला आणि गाडीवाल्याला जुना स्टोव्ह देऊन आला.

दुपारी उझीची आई आली. मलिदा, म्हणजे आमचे गोड पोहे, तिनं चमचाभर खाल्ला. तिची नजर माझ्यावर गेली. हे काय, असं तिनं हिब्रूत विचारलं. उत्तर म्हणून येमिमाबाई वाजवायलाच बसली.

माझा मधला पंचम मुका झाला होता, हे आम्हा दोघींना तेव्हा कळलं. नेमका पंचम! पट्टी दाबली की नुसती हवा फुसकन जायची. बाई थांबली नाही. जिथे मी मुकी, तिथे नुसता तिचा आवाज. झिवा आईच्या शेजारी येऊन बसली आणि उझीच्या आईला एकेक ओळ हिब्रूत सांगू लागली. हा फारो. हे गुलाम. हा आता मोशे आला. सांगताना तिचा आवाज चढत गेला. लाज वाटणाऱ्या माणसाचा आवाज तसा नसतो, एवढं मला कळतं.

कीर्तन संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उझीची आई बांगडी फिरवू लागली. मग म्हणाली,

"माझ्या नवऱ्याचं तारांचं वाद्य, ऊद, पलंगाखाली आहे. बगदादहून आलो, तेव्हा लोक म्हणाले, हे अरबांचं गाणं. बारा वर्षं त्यानं तो बाहेर काढला नाही."

आणि तिनं हातातली बांगडी काढून झिवाच्या हातात घातली.

१९६४च्या शरदात लग्न झालं. त्या मांडवात मी होते आणि माझ्या शेजारी तो ऊद होता. त्याच्या तारा उतरलेल्या, माझा पंचम मुका. आम्हा दोघांना मिळून एक गाणं धड जमलं नाही. तरी येमिमाबाई गायली आणि गर्शोन तिच्या शेजारी मांडी घालून बसला.

माझा पंचम अजून दुरुस्त झालेला नाही. इथे तसा कारागीर नाही. त्या काळ्या बाईला मी कधी पाहिलं नाही, आणि लोदमधल्या एका पेटीला आपण हलवलं हे तिलाही कळलं नसेल. पण मित्रांनो, तुमच्या घरी एखाद्या वाद्यावर काही ठेवलेलं असेल, तर तेवढं उचला. पलंगाखालीही एकदा वाकून बघा.