दोन तोंडांची गाडी

"दोन हवेत, बाबा. डावीकडे एक, उजवीकडे एक. आपण पुढे निघून गेलो की मागच्याला कळायला पाहिजे, कोण गेलं ते."

मास्तर गॅरेजच्या खड्ड्यात उभे होते. डोक्यावर जावयाची नवी गाडी होती, काळीभोर, ठेंगणी, झेप घ्यायला टपलेल्या जनावरासारखी. जावई काठाशी उकिडवा बसून खाली डोकावत होता. बुटांना तेल लागू नये म्हणून त्याने कालचा पेपर पायाखाली घेतला होता.

"अहो जावईबापू, इंजिन एकच, त्यातून निघणारी नळी एकच. तिलाच शेवटी फाटा फोडून दोन तोंडं काढायची. एका तोंडानं ओरडलं काय नि दोन तोंडांनी ओरडलं काय, पोट तेच की. वर उगाच वजन वाढतं. जोर काही वाढत नाही."

"जोर कुणाला हवाय? मला आवाज हवाय."

मास्तर हसले. जावई हसला नाही.

सगळा बाजार त्यांना फुंकणीमास्तर म्हणायचा. शाळेत शिकवायला ते कधी गेले नव्हते, शिकायलाही बेताचेच गेले होते. पण जन्मभर त्यांनी गाड्यांच्या नळ्या कापल्या, वाकवल्या, जोडल्या, गंजून चाळणी झालेल्या सायलेन्सरना ठिगळं लावली. कुणाची गाडी खोकायला लागली की लोक म्हणत, फुंकणीमास्तरकडे घेऊन जा. धंदाच असा, की काम चांगलं झालं तर काहीच ऐकू येत नाही. गाडी गुपचूप निघून जाते आणि गिऱ्हाईकही. त्याबद्दल मास्तरांची कधी तक्रार नव्हती.

पण जावई म्हणजे दहावा ग्रह. त्यातून एकुलत्या एका मुलीचा नवरा, मोठ्या कंपनीत विक्रीचा साहेब. लग्न ठरलं तेव्हा बायको म्हणाली होती, "चला, पोरगी काळ्या हातांच्या घरातून सुटली." मास्तरांना ते लागलं होतं आणि पटलंही होतं. म्हणून आता 'घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं' असं मनातल्या मनात पुटपुटत त्यांनी बाकीची कामं बाजूला सारली.

एकदा हातात घेतलेलं काम त्यांना वाईट करता येत नसे. मागची एकतोंडी नळी त्यांनी सांध्याशी कापून काढली आणि माळ्यावर टाकली. आवाज गिळणारा मधला डबा जावयाच्या हट्टापायी काढून टाकला. नळीला फाटा फोडला, दोन्ही अंगांना दोन डबे टांगले, चकचकीत तोंडं बाहेर काढली आणि ती एका रेषेत आली की नाही हे जमिनीला गाल टेकवून पाहिलं. जावयाने गाडी चालू केली तेव्हा भिंतीवर टांगलेले पाने थरथरले. आवाज खोल होता, पोटातून निघून घशात घुमणारा. शेजारचा पंक्चरवाला कानांवर हात ठेवून बाहेर आला.

"मास्तर, जावई आलाय की शत्रूची स्वारी?"

खोटं कशाला बोला, मास्तरांना अभिमान वाटला.

पुढे थंडीत बायकोने लेकीसाठी एक स्वेटर विणला आणि तो पोचवायला त्यांना पिटाळलं. लेकीचं घर एका उंच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता. बाप-लेक चहा घेत बसले. आई फोनवर बोलताना कशी ओरडते, जणू तारेतून नाही तर गच्चीवरून बोलतेय, याची लेकीने नक्कल केली आणि दोघंही पोट धरून हसले.

तेवढ्यात लांबून, रस्त्याच्या वळणापाशी, तो आवाज उमटला. मास्तरांनी चटकन कान टवकारले. स्वतःच्या हातचं काम माणूस विसरत नाही.

"आपलीच गाडी!" ते कौतुकाने म्हणाले आणि लेकीकडे वळले.

लेकीचं हसू कुणी फडक्याने पुसून टाकावं तसं गेलं होतं. तिने रेडिओ बंद केला. आपला अर्धा कप चहा मोरीत ओतून कप विसळून पालथा घातला. टेबल पुसलं, दाराशी वाकड्या पडलेल्या चपला सरळ केल्या, बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. कुठे घाई नाही, कुठे ठेच नाही. रोजचा सराव असल्यासारखं सगळं.

"तुम्ही आत्ताच आलात असं सांगा," ती म्हणाली. "आणि चहा तुमच्यापुरताच केला होता."

"का गं?"

तिने बाही पुन्हा खाली ओढली. मास्तरांनी तिची बाही वर केली. मनगटाच्या वर बोटांचे वळ होते, जुने, पिवळे पडलेले.

"मारतो?"

"रोज नाही."

गाडी खाली येऊन थांबली. आवाज बंद पडला तशी खोली एकदम रिकामी झाली.

"मी बोलू त्याच्याशी?" मास्तर कुजबुजले.

"तुम्ही बोलाल आणि घरी जाल, बाबा. मी इथंच असेन." मग बापाचं तोंड पाहून तीच समजूत घातल्यासारखी म्हणाली, "गाडी वळणावर आली की कळतं मला. तो जिना चढेपर्यंत सगळं आवरून होतं. माझं तोंडसुद्धा."

कुलपात किल्ली फिरली. जावई आत आला तो हसतच. "अरे वा, सासरेबुवा!" त्याने मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "तुमचं काम ऐकलंत ना? वळणापासून समजतं, मालक आला."

घरी आल्यावर मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती हातातला लोकरीचा गुंडा गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "थोडंफार सगळीकडेच असतं हो. निवळेल." तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता हे तिच्या आवाजावरून कळत होतं. पण मास्तरांनी ते धरून ठेवलं. लेकीला आणायचं म्हणजे काय काय करावं लागेल, कुणाकुणाला तोंड द्यावं लागेल, याचा विचार आला की ते दुसरी नळी कापायला घेत. निदान तिला आधी कळतं तरी, असं ते मनाला सांगत. दुखऱ्या दाताखाली लवंग धरावी तसं ते एवढं एक वाक्य धरून त्यांनी थंडी काढली, उन्हाळाही काढला.

आणि एका दुपारी जावई पुन्हा खड्ड्याच्या काठाशी येऊन उभा राहिला.

"बाबा, हे काढून टाका. पहिल्यासारखी एकच नळी बसवा."

"का? हौस फिटली?"

"इमारतीतले लोक तक्रार करतात. काल पोलिसांनी अडवलं. शिवाय आता कंपनीत वरची जागा मिळणार मला, त्या लोकांत असली गाडी शोभत नाही." तो गाडीच्या टपावरून हात फिरवत म्हणाला, "अगदी गपगार करा. मांजरासारखी आली पाहिजे."

मास्तरांच्या डोळ्यांपुढे तो जिना आला. वर चालू असलेला रेडिओ, अर्धा प्यालेला चहा.

"नाही जमायचं," ते म्हणाले.

"म्हणजे? जुनी नळी तर ती काय, माळ्यावर दिसतेय."

"दिसू द्या. नाही जमायचं म्हणजे नाही जमायचं."

जावई खाली वाकला. आवाज एकदम मऊ झाला. "तिनं काही सांगितलंय का तुम्हाला?"

इथे उच्चारलेला प्रत्येक शब्द संध्याकाळी तिच्या अंगावर उठणार होता. "छे," ते म्हणाले. "ती कशाला सांगेल? ती जुनी नळी आतून गंजलीय, दुसरं काही नाही."

"बरं. नळ्या जोडणारे तुम्ही एकटेच नाही." जावयाने गाडी चालू केली. पाने थरथरले आणि आवाज मोठ्या रस्त्याकडे, दुसऱ्या गॅरेजांच्या दिशेने गेला.

मास्तरांनी लेकीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग हातमोजे तिथेच टाकून, "दुकानाकडे लक्ष ठेव रे" असं पंक्चरवाल्याला ओरडून सांगत त्यांनी स्कूटर काढली.

दार लेकीनेच उघडलं. आत रेडिओ मोठ्याने चालू होता.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"तो गाडीचा आवाज काढून टाकतोय. आता ये-जा कळायची नाही तुला. चल, घरी चल."

ती दाराच्या चौकटीला टेकली. तिला समजलं हे त्यांना दिसलं. पण ती लगेच आत वळली नाही. बापाकडे बघत राहिली, कुणा ओळखीच्या माणसाला नीट आठवून बघावं तशी.

"म्हणजे आवाज होता तोवर चालत होतं तुम्हाला?"

मास्तरांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात काळे होते, ते त्यांनी विजारीला पुसले, तरी काळेच राहिले. शेवटी पुन्हा एवढंच म्हणाले, "चल."

तिने एका पिशवीत कपडे भरले, रेडिओ बंद केला, घराची किल्ली टेबलावर ठेवली. स्कूटरवर मागे बसल्यावर लहानपणी ती बापाची कंबर घट्ट धरायची. आज तिने मागची कडी धरली.

आई दारातच होती. तिने आधी पिशवीकडे पाहिलं, मग समोरच्या घरांच्या खिडक्यांकडे. मग पुढे होऊन लेकीच्या हातातून पिशवी घेतली. "ये," म्हणाली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी लेकीने खुर्ची ओढून रस्त्याकडच्या खिडकीशी नेली. आईने जेवायला हाक मारली. ती उठली नाही.

"आता ऐकू येणार नाही ना," ती म्हणाली. "बघतच बसावं लागेल."

"तू जेवून घे. मी बघतो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही जेवा, बाबा."

त्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. ते स्टूल आणून तिच्या शेजारी बसले. तिने त्यांना उठवलं नाही, जागाही करून दिली नाही.

थोड्या वेळाने आई ताट घेऊन आली आणि न बोलता तिच्या मांडीवर ठेवून गेली. लेक जेवायला लागली. नजर रस्त्यावरून हलत नव्हती. हात ताटात भात चाचपडत होता, आणि कितीदा तरी रिकामाच तोंडाकडे जात होता.